वरिजनल

जुन्या वस्तूचं नवं करण्याच्या उद्योगाला मराठीत ‘जीर्णोद्धार’ असा भारदस्त शब्द आहे, आणि तो ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या भागात एखाद्या देवळावर ‘जीर्णोद्धार समिती’ अशी पाटी लागली की समजावं, दोन-तीनशे वर्षं ऊनपाऊस खाल्लेल्या काळ्या दगडाचे दिवस भरले. पुढच्या यात्रेपर्यंत खांब गुलाबी होतात, नंदीला चॉकलेटी ऑइलपेंट बसतो, गाभाऱ्याला न्हाणीघरातल्या फरश्या लागतात आणि देणगीदारांची यादी देवापेक्षा मोठी होते. हेतू वाईट असतो असं नाही. भक्ती असते, पैसा असतो, हौस तर दांडगीच असते. नसतो तो फक्त आधी काय होतं ते दोन मिनिटं बघण्याचा धीर.

अलीकडे हा जीर्णोद्धार देवळांतून निघून मोटारींपर्यंत आला आहे, आणि मला आज समीक्षा करायची आहे ती या नव्या संप्रदायाची. समीक्षा हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. लोक नाटक बघून आले की लिहितात, गाणं ऐकून आले की लिहितात, हल्ली तर मिसळ खाऊन आले तरी लिहितात. मग तीन वर्षं आणि सात लाख रुपये घालून उभी केलेली जुनी जीप ही काय कलाकृती नव्हे? तिला नेपथ्य असतं, रंगभूषा असते, वेशभूषा असते. आणि संगीत तर इतकं असतं की शेजारी खिडक्या लावून घेतात.

या संप्रदायाचं मूळ पीठ अमेरिकेत. तिथे १९६० च्या दशकात ‘मसल कार’ नावाचा प्रकार निघाला. तालमीतल्या भाषेत सांगायचं तर कमावलेल्या अंगाची गाडी. १९६४ साली पाँटिॲक कंपनीतल्या काही उपद्व्यापी मंडळींनी मधल्या आकाराच्या, साध्या संसारी गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं. ३८९ घनइंचांचं, म्हणजे साडेसहा लिटरला जरासंच कमी. नाव ठेवलं जीटीओ. कंपनीचा नियम होता की मधल्या गाडीत एवढं मोठं इंजिन घालायचं नाही. तेव्हा यांनी ती नवी गाडी म्हणून विकलीच नाही. जुन्याच गाडीवर ‘हवी असल्यास मिळणारी जादा सोय’ म्हणून विकली. उपास मोडू नये म्हणून साबुदाण्याची खिचडी चार वाट्या खावी, तितकीच ही पळवाट शास्त्रशुद्ध होती. गाडी तुफान खपली. मग इतर कंपन्यांनीही आपापले पैलवान आखाड्यात उतरवले. पुढे विम्याचे हप्ते वाढले, धुराचे कायदे आले, आणि १९७३ साली अरबांनी तेलाच्या तोट्या आवळल्यावर पैलवानांचा खुराकच तुटला.

आज त्या देशात पन्नाशी-साठीची माणसं गावोगावच्या कोठारांतून असल्या गंजक्या गाड्या हुडकत हिंडतात. पहिल्यांदा काय बघतात? इंजिनावरचा नंबर आणि सांगाड्यावरचा नंबर जुळतो का. जुळला तर किंमत कितीतरी पटींनी वाढते. आपल्याकडे पत्रिका जुळवतात तसंच. फरक इतकाच की आपल्याकडे नंतर संसार करावा लागतो. तिथे गाडी झाकून ठेवली तरी चालतं.

यातली गंमत बघा. कमावलेल्या अंगाची पहिली गाडी म्हणजे एका गाडीत घातलेलं दुसऱ्या गाडीचं इंजिन. आणि आज त्याच गाडीत दुसरं इंजिन निघालं की खरेदीदार नाक मुरडतो. हे वाक्य वाचकांनी जरा जपून ठेवावं. पुढे वेल्ह्याच्या चढावर ते उपयोगी पडणार आहे.

तर वेल्हे. सरकारने २०२४ साली तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं. थोर नाव आहे, तक्रार नाही. पण नसरापूरच्या चौकात उभं राहून ‘राजगड’ असं ओरडणाऱ्या जीपवाल्याच्या गाडीत गडावर जाणारी कॉलेजची पोरंच चढणार, आणि वेल्ह्याची म्हातारी खालीच राहणार. भोर आणि वेल्हे हे दोन्ही तालुके म्हणजे सह्याद्रीने अंग चोळून पाय पसरलेले. इकडे वरंधा घाट, तिकडे पाबे घाट, मध्ये तोरणा आणि राजगड. पावसाळ्यात चार महिने वरून धार आणि खालून चिखल. इथे जीटीओ कधी आली नाही. आली असती तर पहिल्याच ओढ्यात बसली असती आणि म्हशींनी तिच्या टपाला पाठ घासली असती. इथली कमावलेल्या अंगाची गाडी एकच. जीप.

जीपचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यामुळेच होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे ६,४०,००० जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या पुष्कळ जगभर लिलावात गेल्या, तशा आपल्याकडेही. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीजचे भाग आणून जीपगाड्या जुळवायला सुरुवात केली, आणि पुढे आपल्याकडे सर्वांत जास्त दिसली ती उंच बोनेटची जीप. बोनेट उंच का, तर आतलं हरिकेन नावाचं पेट्रोल इंजिन जुन्या इंजिनापेक्षा उंच होतं. झाकण बंद होईना म्हणून कपाळच वर उचललं. अमेरिकेने हे मॉडेल १९६८ साली बंद केलं, तरी आपल्याकडे ते पुढे कित्येक वर्षं निघत राहिलं. लढाईतल्या जीपच्या तोंडाला नऊ फटी, आणि नागरी जीपच्या तोंडाला सात. दात मोजून घोड्याचं वय सांगतात तशी फटी मोजून जीपची जात सांगता येते.

आमच्याकडे तिची जात निराळीच पडली. ती झाली वडाप. एस.टी.ची पहिली गाडी १९४८ साली पुण्याहून अहमदनगरला धावली, पण डोंगराच्या बेचक्यातल्या शेवटच्या वाडीपर्यंत लाल गाडी पोचायची म्हणजे आधी रस्ता हवा, मग मोरी हवी, मग ड्रायव्हरची तयारी हवी. तोवर माणसांनी आजारी पडायचं थांबायचं का? पोरींनी बाळंत व्हायचं थांबायचं? भाताची पोती, दुधाच्या किटल्या, नवरदेव, शाळामास्तर, मयताला निघालेले पाहुणे, हे सगळं एकाच फेरीत जीपने वाहिलं. आत किती माणसं बसतात या प्रश्नाला वेल्ह्यात एकच उत्तर होतं: ‘अजून दोन.’ मागच्या पायरीवर चौघं लोंबकळत, क्लिनर हातात दगड घेऊन तयार. चढावर जीपने मान टाकली की त्याने उडी मारून चाकाखाली दगड सारायचा, बायकांनी उतरून चालायचं, आणि रेडिएटरला ओढ्याचं पाणी पाजून झालं की पुन्हा ‘अजून दोन’. यात काव्य शोधणाऱ्यांना मी आधीच सांगतो की त्यात धोकाही तितकाच होता. असल्या भरलेल्या गाड्या दरीत गेल्या की माणसं जात. पण दुसरी गाडी नव्हती, हेही खरं.

आता जपून ठेवलेलं वाक्य काढा. १९७३ च्या ज्या तेलसंकटाने अमेरिकेतले पैलवान बसवले, त्यानेच आमच्या जीपवाल्यांचंही कंबरडं मोडलं. पेट्रोल परवडेना. अमेरिकन माणसाने गाडी कोठारात ढकलली. आमच्या मिस्त्रीने ती गॅरेजात ओढली, पेट्रोल इंजिन साखळीने वर उचललं आणि त्या जागी डिझेल इंजिन बसवलं. कधी पर्किन्सचं, तर पुढे मटाडोरचं. माउंटिंग जुळेना तर पट्टी वेल्ड केली. पंखा रेडिएटरला लागला तर रेडिएटर पुढे सरकवला. पाँटिॲकच्या इंजिनियरांनी केलं ते हेच. त्यांनी डेट्रॉइटजवळ कोट घालून केलं, आमच्या मिस्त्रीने भोरच्या नाक्यावर बनियनवर केलं. त्यांच्याला ‘क्लासिक’ म्हणतात आणि आमच्याला ‘छेडछाड’. समीक्षेत याला दुटप्पीपणा म्हणतात.

या भागात आता पुण्याहून जीर्णोद्धारक येऊ लागले आहेत. शनिवारी सकाळी ते चेलाडी फाट्यावर चहा घेतात, वेल्ह्याच्या दिशेने वळतात आणि प्रत्येक गोठ्यात डोकावत जातात. गोठ्यात म्हैस दिसली की निराश होतात. आमचा धाकटा मेहुणा त्यांतलाच. तो हिंजवडीत संगणकासमोर बसतो. दिवसभर न दिसणाऱ्या गोष्टी दुरुस्त करत असल्यामुळे, हाताला काळं लागेल असं काहीतरी करावं अशी त्याला ओढ लागली. ही ओढ मला समजते, आणि मी तिची चेष्टा करणार नाही. आमचं मूळ घर भोरचं असल्यामुळे वाटाड्या म्हणून त्याने मला बरोबर घेतलं.

तोरण्याच्या पायथ्याजवळच्या एका वाडीत जीप मिळाली. १९६८ सालची, उंच बोनेटची, सात फटींची. बोनेटवर कोंबडी बसलेली, आणि तिची उठायची तयारी नव्हती. काचेवर पिवळ्या अक्षरांत ‘आई मेंगाई प्रसन्न’, दोन्ही दरवाजांवर मालकांच्या दोन पोरांची नावं. मालक सत्तरीचे, टोपीवाले. त्यांनी आधी पाणी दिलं, मग चहा सांगितला, मग कोंबडी उठवली.

“बाबा, गाडी ओरिजिनल आहे ना?” मेहुण्याने विचारलं.

“वरिजनल? म्हंजे काय, एक नंबर वरिजनल,” बाबा म्हणाले. “इंजान तेवढं मटाडोरचं हाय, पुस्तकावर चढवलंया. गिअरबॉक्स दुसऱ्या जीपचा. म्होरला बंपर आपल्या वेल्ह्याच्या वेल्डरनं केला, त्याच्यासारखा बंपर कंपनीत व्हत न्हाई. खालचा पत्रा दोनदा बदलला. शिटा थोरल्या पोराच्या लग्नात नव्या केल्या. बाकी समदी वरिजनल.”

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मला मात्र त्या उत्तरात काहीच विनोदी वाटलं नाही. घरातली गोधडी घ्या. आजीचं लुगडं, आत्याचं परकर-पोलकं, कुणाच्या मुंजीतलं धोतर, एकावर एक शिवत शिवत ती पन्नास वर्षं जगते. तिचं ‘ओरिजिनल’ कापड कोणतं, असं विचारणाऱ्या माणसाला थंडी कधी वाजलेली नसते. आणि फार लांब कशाला जायचं? नसरापूरजवळचं बनेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं. तिथली घंटा बघा. तिच्यावर १६८३ हे साल आहे, आणि ती आहे पोर्तुगीजांची, वसईच्या मोहिमेतून आलेली. मूळची चर्चची. म्हणजे शंकराच्या देवळाला दुसऱ्या कंपनीचा सुटा भाग बसवलेला आहे. पौने तीनशे वर्षांच्या वर ती वाजते आहे, महादेवाने हरकत घेतलेली नाही. ‘ओरिजिनल’ करायचं म्हणून उद्या ती काढायची ठरवली तर गाव काठ्या घेऊन येईल, आणि बरोबर येईल.

सौदा झाला. दीड लाख. बाबांनी पैसे दोनदा मोजले, नारळ फोडला आणि चावी देताना सांगितलं, “सकाळी उलीसा येळ लागतो तिला. वरडू नका.”

पुढची तीन वर्षं मी वगळतो. जीप पुण्यातल्या एका गॅरेजात होती, आणि गॅरेजवाल्याच्या ‘पुढच्या गुरुवारी’ या दोन शब्दांवर आमच्या सासुरवाडीचे तीन गणपती आणि तीन दिवाळ्या गेल्या. मेहुणा दर रविवारी जुन्या बाजारात जायचा आणि एखादा दिवा, एखादा काटा, एखादा नट घेऊन यायचा. जुन्या बांधकामाच्या डागडुजीत पैसा मिळाल्याचा दाखला या भागात एकच आहे. शिवाजीमहाराजांना तोरण्यावर दुरुस्तीचं काम चालू असताना धन सापडलं आणि त्यातून राजगड उभा राहिला, असं सांगतात. त्यानंतर आजपर्यंत डागडुजीत धन फक्त गेलेलं आहे.

मूळ निर्णय कुठे चुकला ते सांगतो, कारण समीक्षकाने नुसतं वाईट म्हणून भागत नाही. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांपलीकडच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. वीस हजार रुपये भरायचे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढायची नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. म्हणजे सरकार म्हणतं, तू आयुष्यभर काही काम केलेलं नसशील आणि इथून पुढेही करणार नसशील, तर तुला मान देऊ. ज्या जीपने पन्नास वर्षं तालुका ओढला, तिला या व्याख्येत बसवायचं तर आधी ती पन्नास वर्षं पुसावी लागतात. मेहुण्याने तेच केलं. मटाडोरचं इंजिन काढलं. भंगारातून एक हरिकेन इंजिन आणलं. त्याच्यावरचा नंबर कुठल्यातरी तिसऱ्याच जीपचा. म्हणजे खोटं काढून खरं घालायला गेला, आणि जे घातलं तेही दुसऱ्याचंच.

पण तेवढ्यावर थांबता तरी मी हे लिहिलं नसतं. १९६८ सालची नागरी जीप करायची, हे निदान एक म्हणणं झालं. तीन वर्षांनी गॅरेजाचं शटर वर गेलं तेव्हा समोर उभी होती १९४२ सालची अमेरिकन सेना. रंग फिक्कट लष्करी हिरवा. बोनेटवर भला मोठा पांढरा तारा. बाजूला कुऱ्हाड आणि फावडं पट्ट्याने बांधलेलं, मागे पेट्रोलचा डबा. आणि तोंड बदललेलं! सात फटींची जाळी कापून नऊ फटींची बसवली होती.

आता समीक्षा. नेपथ्य बारकाईचं, कुऱ्हाडीचा दांडासुद्धा जुना दिसावा म्हणून घासलेला होता. रंगभूषा उत्तम, पण पात्र चुकलं. उंच बोनेट लपत नाही. लढाईतल्या ठेंगण्या जीपचा तारा त्या कपाळावर म्हणजे आजोबांना मुंजीतली लंगोटी नेसवल्यासारखा दिसतो. स्टिअरिंग उजवीकडे. अमेरिकन सेनेच्या जीपचं ते डावीकडे असायचं. म्हणजे ही सेना आमच्या आर.टी.ओ.तून लायसन काढून लढायला निघाली होती. आणि रंगाबद्दल बोलायचं तर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लष्करी हिरवा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवलेला आहे. इतरांनी लावायचा नाही. मूळ स्वरूपाचा नियम पाळायला निघालेल्या गाडीने रंगाचा नियम मोडून सुरुवात केली होती.

भोरच्या राजवाड्याची इथे आठवण होते. त्या वाड्याने सिनेमात दुसऱ्यांचे किती वाडे वठवले त्याची गणती नाही. शूटिंगची मंडळी येतात, खांबांना रंग लावतात, पडदे सोडतात, मशाली खोचतात. पण शूटिंग संपलं, गाड्या गेल्या की तो पुन्हा पंतसचिवांचा भोरचा वाडा होतो. नटाने घरी जाऊन तोंड धुवावं तसा. या जीपचं तसं होत नाही. तिचं तोंडच कापून बदललं. आता ते धुणार कसं? ‘सौभद्र’ १८८२ सालचं नाटक. रात्र-रात्र बसून पाहण्याची सवय आता राहिली नाही म्हणून ते कापून आटोपशीर करतात, वाद्यं बदलतात, त्याला माझी ना नाही. पण म्हणून सुभद्रेला कुणी अमेरिकेची नर्स करत नाही.

न्यायाने बोलायचं तर काही कामं पहिल्या प्रतीची झाली होती. ब्रेक संपूर्ण नवे केले होते. जुन्या जीपचे ब्रेक ही श्रद्धेची बाब असायची, यंत्राची नव्हे. विजेच्या सगळ्या वायरी नव्या ओढल्या. सांगाड्याचा गंज खरवडून काढला. हे करायलाच हवं होतं, आणि ते बघून मी मेहुण्याची पाठ थोपटली. जीव वाचवणारी दुरुस्ती आणि ओळख पुसणारी दुरुस्ती यांत फरक करता येतो, आणि तो करायला संगणकाची पदवी आड येत नाही.

“भाऊजी, काचेवरचं नाव ठेवलं असतं तर तारा शोभला नसता,” तो म्हणाला.

“मग तारा कशाला हवा होता?”

“सगळे लावतात.”

या दोन शब्दांत त्याने माझ्या समीक्षेचं निम्मं काम केलं. देवळाच्या गुलाबी खांबांचं कारणही हेच असतं.

कोजागरीच्या सुमारास तो म्हणाला, बाबांना गाडी दाखवू या. मला कल्पना पसंत नव्हती, पण मी गेलो. पाऊस संपलेला, दोन्ही बाजूंना भात पिवळं पडायला लागलेलं, तोरण्याच्या माथ्यावर ढगाचा एकच तुकडा. हरिकेन इंजिन सपाटीवर खानदानी चाललं. वाडीच्या शेवटच्या चढावर मात्र दोनदा बंद पडलं. मटाडोरचं इंजिन त्याच चढावर पंधरा माणसं घेऊन जायचं. चाकाखाली दगड मी सारला. पोटाचा घेर वाढल्यावर क्लिनरची नोकरी झेपत नाही.

बाबा अंगणात बाजेवर होते. उठून आले. गाडीभोवती एक फेरी घातली, कुऱ्हाडीला हात लावून पाहिला, ताऱ्यावरून बोट फिरवलं.

“लई झाक झालीया,” ते म्हणाले. “कुणाची म्हनायची ही?”

मेहुण्याला बोलता येईना. मी सांगितलं, “बाबा, ही तुमचीच.”

ते हसले. थट्टा वाटली असावी. मग काय मनात आलं कोण जाणे, ते हळूहळू गुडघ्यांवर बसले आणि मागच्या चाकाशेजारून खाली वाकून सांगाड्याकडे बघू लागले. तिथे वेल्डिंगची एक जाड, वाकडी शिवण होती; गॅरेजवाल्याने रंग मारला होता, पण ती घासली नव्हती. बाबांनी तिच्यावर अंगठा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. “धाकट्याच्या येळंची,” एवढंच म्हणाले. त्या रात्री घरात पोर अडलं होतं, ओढ्यात सांगाडा तडकला, तरी गाडी वेल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत गेली होती, हे आम्हाला त्यांच्या सुनेने चहा देताना सांगितलं. मेहुणा परत येताना फारसा बोलला नाही. काच काय केली, असं मी विचारलं. गॅरेजवाल्याने ती फोडून टाकली होती.

जीप आता प्रदर्शनांना जाते. चालत जात नाही. ट्रकवर घालून नेतात. मध्यंतरी तिला एक ढालही मिळाली. परीक्षकांच्या तक्त्यात ‘मूळ स्वरूप’ या रकान्यात चांगले गुण होते म्हणे. फटी कुणी मोजल्या नसाव्यात.

राहता राहिलं मटाडोरचं इंजिन. गॅरेजवाल्याने ते दारात भंगारात टाकलं होतं. महाडच्या रस्त्याला भोरबाहेर माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. त्यांच्याकडेही एक उंच बोनेटची जीप आहे, आणि तिच्यात पाच गाड्यांचे भाग आहेत. रंग तीन प्रकारचा, कारण पत्रा तीन वेळा बदलला. मी एकदा विचारलं होतं, सगळी एका रंगात का करत नाही? म्हणाले, “मग कुठला पत्रा कधी घातला ते कसं कळंल?” वस्तुसंग्रहालयाच्या माणसांनी जे नियमात लिहून ठेवलंय, ते त्यांना पाना हातात असताना सुचलं होतं. त्या मिस्त्रींना मी इंजिनाचा पत्ता सांगितला. वजनाच्या भावाने त्यांनी ते उचललं, उघडलं, रिंगा बदलल्या, नोझल साफ केले. केळदच्या बाजूच्या एका दूधवाल्याच्या जीपमध्ये ते आता बसवलेलं आहे. सकाळी चालू व्हायला थोडा वेळ लागतो, अशी त्याची तक्रार होती. मी त्याला म्हटलं, ओरडू नकोस.